सारवणाखालची जमीन

सेवाग्रामच्या बापू कुटीत चपला बाहेर काढून शिरले की पाहुण्याच्या तोंडून हमखास निघते, जमीन किती थंड, किती गुळगुळीत! खरे तर त्याच्या तळव्याला लागते ते सारवण. शेणमातीचा तो पातळ थर वाळून धरला की खालची माती भुसभुशीत आहे की टणक, याचा पावलाला पत्ता लागत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या घरांतल्या बायांना हे कुणी सांगायला नको. पेशींचे बळ मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना मात्र ते ठेच लागून शिकावे लागले.

शरीरातली पेशी चालते, आणि चालताना पायाखालचे ओढते. जखमेच्या कडा जवळ येतात त्या याच ओढीने; कर्करोगाची पेशी गाठ सोडून निघते तेव्हाही हीच ओढ कामी येते. ती मोजतात नॅनोन्यूटनात. एक नॅनोन्यूटन म्हणजे एक ग्रॅम वजनाचा सुमारे एक कोटीवा हिस्सा! इथे तराजूचे काय चालणार? म्हणून पेशीला मऊ गादीवर बसवायचे, गादी किती सरकली ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचे आणि गादीच्या मऊपणावरून जोराचा हिशेब मांडायचा.

१९८० साली अमेरिकेत आल्बर्ट हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या दाट तेलावर क्षणभर ज्योत धरली. दुधावर साय यावी तशी वर पातळ कातडी धरली आणि तिच्यावर सोडलेल्या पेशींनी तिला चुण्या पाडल्या. पेशीची ओढ डोळ्यांना दिसली. म्हणजे हे मापनच पृष्ठभागावरच्या संस्कारातून जन्मले.

घोटाळाही तिथेच आहे. सिलिकॉन रबर पाण्याला जवळ करत नाही. त्यावर पेशी नीट बसावी म्हणून त्याला प्लाझ्मा, म्हणजे विजेने चेतवलेला वायू, देतात. मग पाणी पसरते, प्रथिने बसतात, पेशीही धरते. पण त्याच झटक्यात वरचा अतिपातळ थर काचेच्या जातीचा, कडक होतो. हिशेब करणारा मात्र खालच्या रबराचाच मऊपणा धरतो. कडक कातडी कमी सरकते, म्हणून जोर कमी निघतो. भरीला, पायाखाली टणक लागले की बऱ्याच पेशी अधिकच ओढतात. खोटे माप, आणि मापामुळे बदललेली वस्तू!

बँकेत असताना तपासणीचे साहेब येणार म्हटले की आम्ही फायलींना नवी कव्हरे चढवत असू. साहेब शेरा लिहीत तो कव्हरांवर. आत थकलेली कर्जे तशीच पडून असत.

हा वाद किरकोळ नाही. २००६ साली अॅडम एंगलर, शमिक सेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मूळपेशी मेंदूइतक्या मऊ जेलवर चेतापेशीच्या वळणाने जाते, स्नायूइतक्या कडक जेलवर स्नायूच्या, त्याहून कडक जेलवर हाडाच्या. (सेन पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले.) त्या जेललाही पेशी आपणहून धरत नाही, रसायन लावून वर कोलॅजन जोडावे लागते. २०१२ साली दुसऱ्या एका गटाने नेमके इथे बोट ठेवले: पेशी ओळखते ते जेलचा कडकपणा, की कोलॅजन किती घट्ट बांधले आहे ते? २०१४ साली एंगलर यांच्या गटाने उत्तर दिले, की बांधणी बदलूनही परिणाम कडकपणाचाच राहतो. कृत्रिम ऊती घडवू पाहणाऱ्याला हे ठाऊक असलेच पाहिजे. नाहीतर तो मऊपणा बदलत बसेल आणि पेशी ऐकेल कोलॅजनचे.

उपाय म्हटला तर साधा: माप संस्कारानंतर घ्यायचे, आणि तेही अगदी वरच्या थराचे. अणुबल सूक्ष्मदर्शकाची सुई हे काम करते. प्लाझ्माही जपून, थोडकाच द्यायचा.

तरी एक गोष्ट उरते. सारवण जसे पुन्हा पुन्हा घालावे लागते, तसा प्लाझ्माचा गुणही टिकत नाही. रबरातले सुटे रेणू हळूहळू वर येतात आणि ते पुन्हा पाणी झटकू लागते. सकाळची गादी आणि चार दिवसांनंतरची गादी एक नव्हे. म्हणून प्लाझ्मा कधी दिला आणि पेशी कधी सोडल्या, या दोन वेळाही प्रयोगाच्या वहीत लिहाव्या लागतात.