बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे वापरून झालेल्या बॅटऱ्यांचे संकलन, पुनर्चक्रण व विल्हेवाट यांविषयीचे भारतातील नियम आहेत. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ते ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित केले.

पार्श्वभूमी

२००१ चे पूर्वीचे नियम केवळ शिसे-आम्ल बॅटऱ्यांना लागू होते. जुनी बॅटरी परत घेण्याचे बंधन त्यांत विक्रेत्यावर होते. शिशाला भंगारात भाव असल्याने मोटारीची बॅटरी सहसा दुकानात परत जातेच. घड्याळातील किंवा रिमोटमधील सेलला मात्र असा भाव नाही. तो घरच्या केरात जातो. खरी अडचण या लहान सेलचीच होती आणि तिच्याविषयी ते नियम मौन बाळगून होते.

तरतुदी

नवे नियम सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू आहेत. संरक्षण व अंतराळ क्षेत्रांतील बॅटऱ्या त्यास अपवाद होत. मुख्य भार उत्पादक व आयातदारांवर आहे. त्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करून, बाजारात आणलेल्या मालाच्या प्रमाणात जुन्या बॅटऱ्यांचे पुनर्चक्रण घडवून आणावयाचे असते. बॅटऱ्या पुरण्यास वा जाळण्यास मनाई आहे. ग्राहकाने त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलकाकडे द्यावयाच्या असतात. मात्र संकलक जवळपास नसेल, तर हे कर्तव्य कागदावरच राहते.

युरोपातील स्थिती

युरोपीय संघात २००६ चा निर्देश होता. निर्देशासाठी प्रत्येक देशास स्वतःचा कायदा करावा लागतो. त्याची जागा घेणारा २०२३ चा विनियम १८ फेब्रुवारी २०२४ पासून सर्व सदस्य देशांत थेट लागू झाला. तेथे ग्राहकाने नवी बॅटरी घेतली नाही, तरी विक्रेत्याने जुना सेल विनामूल्य स्वीकारावा लागतो. भारतीय ग्राहकाला हीच सोय सर्वांत उपयोगी पडली असती.

पाचगणीच्या संदर्भात

सातारा जिल्ह्यातील पाचगणी १७ जानेवारी २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात मोडते. उघड्यावर पडलेल्या सेलचे आवरण अशा पावसाळी प्रदेशात गंजते व आतील रसायने पाण्यात उतरू शकतात. गावाखालच्या खोऱ्यात तर कृष्णेवरील धोम धरणाचा जलाशय आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार वापरलेली बॅटरी हा घरगुती घातक कचरा असून, त्यासाठी संकलन केंद्र उभारणे स्थानिक संस्थेचे काम ठरवले गेले. केंद्रात देईपर्यंत लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, म्हणजे धातूच्या स्पर्शाने ठिणगी पडत नाही.