ठराव मुंबईत, दुरुस्ती दिल्लीत

प्रवेशांचा हंगाम आला की पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात जात पडताळणीसाठी मुलं येतात. प्लास्टिकच्या फायलीत वंशावळ, शाळेचा दाखला, पणजोबांचा निर्गम उतारा. "कुणबी नोंद सापडली का?" हाच पहिला प्रश्न. आरक्षणावरची पन्नास टक्क्यांची मर्यादा उठवायला विधिमंडळाने ठराव करून केंद्राकडे पाठवावा, ही मागणी त्यांच्याही कानावर आहे. ठराव जरूर करावा. पण त्याचं वजन किती, हे या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

कायद्याने काहीच नाही. कलम ३६८ प्रमाणे घटनादुरुस्तीचं विधेयक फक्त संसदेतच मांडता येतं. काही ठरावीक विषयांत निम्म्या राज्यांची संमती लागते, तीही शेवटी. जीएसटीला आपल्या विधिमंडळाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिली तशी. हो म्हणा किंवा नाही म्हणा. काना-मात्रा बदलता येत नाही. तमिळनाडूचं ६९ टक्के आरक्षण टिकलं, तेही १९९४ मध्ये संसदेने ७६ वी दुरुस्ती करून त्यांचा कायदा नवव्या परिशिष्टात घातला म्हणून.

अमेरिकेत मात्र राज्यांनाही पुढाकार घेता येतो: ३४ राज्यांनी मागणी केली तर दुरुस्त्या सुचवणारी परिषद बोलवावीच लागते. आजवर एकही भरलेली नाही. सगळ्या २७ दुरुस्त्या तिथल्या संसदेनेच सुचवल्या. एका विषयासाठी बोलावलेली परिषद त्याच विषयावर थांबेल याची हमी कोण देणार? १७८७ ची फिलाडेल्फियाची सभा जुन्या कराराची डागडुजी करायला बसली आणि नवी राज्यघटना लिहून उठली. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला आपल्या राज्यघटनेचा मसुदा मांडताना परिषद, सार्वमत असल्या अवघड वाटा वगळल्याचं सांगितलं होतं. मला ते पूर्ण पटतं. पण दुरुस्तीचा अधिकार केंद्राच्या आणि प्रांतांच्याही कायदेमंडळांकडे ठेवलाय, असंही ते तिथेच म्हणाले होते. प्रांतांच्या वाट्याला आलं ते मान डोलावणं.

कधी तेवढंही नाही. २०१८ ची १०२ वी दुरुस्ती राज्यांना न विचारता झाली. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षण रद्द केलं, तेव्हा तीन विरुद्ध दोन मतांनी निघालेला अर्थ असा, की मागास प्रवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकारच या दुरुस्तीने गेला. तरी दुरुस्ती वैध! तो अधिकार परत मिळायला त्याच ऑगस्टमध्ये संसदेलाच १०५ वी दुरुस्ती करावी लागली.

परिषद नकोच. पण निम्म्या विधिमंडळांनी एकाच मजकुराचा ठराव केला, तर संसदेने सहा महिन्यांत त्यावर चर्चा करून मतदान घ्यावं, एवढं बंधन कलम ३६८ मध्ये हवं. आज अशा ठरावाला उत्तर देणं कुणावरच बंधनकारक नाही.