संगणकाचा पडदा गोठतो तेव्हा

परीक्षेचा निकाल असो की शेताचा उतारा असो, आजकाल निपाणीपासून खानापुरापर्यंत घरोघरची कामे संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर होऊ लागली आहेत. अशा वेळी चुकून भलत्याच दुव्यावर बोट पडते, पडद्यावर एक चौकट उभी राहते आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असा मजकूर इंग्रजीत झळकू लागतो. ‘ओके’ दाबावे तर पुन्हा तीच चौकट! टॅब हलत नाही, मिटत नाही. घरची वडीलधारी मंडळी घाबरून जातात आणि हाक येते ती आपणा विद्यार्थ्यांनाच. म्हणून हा प्रकार मुळात काय आहे, ते येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानामागे जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेतील आज्ञा चालत असतात. ही भाषा १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीसाठी रचली. तिच्यातील ‘अलर्ट’ ही आज्ञा आली, की वाचणाऱ्याने ‘ओके’ म्हणेपर्यंत त्या पानाचे पुढील सर्व काम थांबते. रस्ता चौपदरी होण्यापूर्वी तवंदीच्या घाटात एखादी मालमोटार आडवी बंद पडली, की मागची सारी वाहने जशी खोळंबत, तसेच हे होय. आता कोणी ही आज्ञा न संपणाऱ्या फेऱ्यात घातली, तर एक चौकट मिटताच दुसरी उभी राहणार, हे उघड आहे. यात संगणकाला काहीही इजा झालेली नसते. ब्राउझरमधील पान तुमच्या संगणकातील व्हायरस शोधू शकतच नाही; त्याला काय दिसणार? चौकटीतील शब्द संगणकाचे नव्हेत, ते पान लिहिणाऱ्याचे असतात. पुष्कळदा चौकटीच्या माथ्यावर त्या संकेतस्थळाचे नावही असते. ते आधी वाचावे.

हीच करामत काही जण केवळ गंमत म्हणूनही करतात. अशाच एका पानाचा दुवा पसरविल्यावरून २०१९ साली जपानमधील ह्योगो प्रांताच्या पोलिसांनी तेरा वर्षांच्या एका मुलीला समज दिली, तेव्हा तेथील संगणकतज्ज्ञांनीच, एवढ्याशा खोडीसाठी पोलीस कशाला, म्हणून नापसंती दर्शविली. आम्हांसही ते पटते. परंतु चौकटीत फोन क्रमांक असला, की ती खोडी राहत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील बीडी या गावी, अटकेची खोटी भीती घालून लुबाडले गेलेले एक वृद्ध दांपत्य प्राणांस मुकले. तेथे गोठलेली चौकट नव्हती, फोन होता. शस्त्र मात्र तेच, भय आणि घाई.

आता उपाय. प्रथम त्या क्रमांकावर फोन करू नये, की चौकटीत काही लिहू नये. तीच चौकट पुन्हा आली, तर काही ब्राउझरांत ‘या पानाने आणखी चौकटी दाखवू नयेत’ अशा अर्थाची खूण करण्याची सोय दिसते. ती करून टॅब मिटवावा. पानाने सारा पडदा व्यापला असेल, तर एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरावी. तेवढ्याने भागले नाही, तर विंडोजवरील क्रोममध्ये शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबाव्यात. उघडलेल्या पानांची यादी येते. तीतून तेवढेच पान संपविता येते. क्रोम २००८ साली आला तो प्रत्येक टॅब शक्यतो निराळा चालविण्याची योजना घेऊनच, त्यामुळे एक बिघडला तरी बाकीचे बहुधा बचावतात. तेही न जमल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळांनी विंडोजची यादी उघडून ब्राउझरच बंद करावा. पुन्हा उघडताना ‘आधीची पाने परत आणू काय?’ असे विचारले जाते. तेथे नकार द्यावा, नाही तर तीच चौकट दारात हजर!

मोबाईलवर ॲप बंद करून, इंटरनेट तोडून, मग ब्राउझर उघडावा आणि तो टॅब काढून टाकावा. पान नव्याने उतरत नसल्यामुळे चौकट सहसा उभी राहत नाही.

कोणी आधीच फोन करून पैसे देऊन बसले असेल, तर त्यांस रागे न भरता तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी अडविणे काही वेळा शक्य होते.