शेंगदाण्यात किती उष्णता?

शेंगदाणा पेटवला तर तो दिव्यासारखा जळतो. त्यातल्या तेलाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो आणि दाण्यात साठलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. पण ती मोजायची कशी? १ ग्रॅम पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला जी उष्णता लागते, तिला १ कॅलरी म्हणतात. म्हणजे पाणी हेच आपले माप!

दोंडाईच्याच्या बाजारातले १ ग्रॅम दाणे मी सोनाराच्या काट्यावर तोलून घेतले. पत्र्याच्या डब्यात २०० ग्रॅम पाणी घेतले. ते २७ अंश होते. दाणे दाभणाला टोचले आणि गुरुजींच्या समोर डब्याखाली पेटवले. ते विझले तेव्हा पाणी ३८ अंश झाले होते.

२०० × ११ = २,२०० कॅलरी

आहाराच्या तक्त्यात मात्र १ ग्रॅम दाण्याच्या सुमारे साडेपाच हजार कॅलरी दिल्या आहेत. मग बाकीची उष्णता गेली कुठे? बरीच वाऱ्यावर, थोडी पत्र्यात. आणि डब्याच्या बुडाची काजळी म्हणजे न जळलेला कोळसाच की! म्हणून शास्त्रज्ञ पदार्थ बंद भांड्यात जाळतात आणि भोवती सगळीकडून पाणी ठेवतात.

दुसऱ्या खेपेला मी भोवती पत्र्याचा आडोसा केला, खाली हवेला फट ठेवली. तेवढ्याच दाण्यांनी २७ अंशांचे पाणी ४२ अंशांवर गेले. म्हणजे ३,००० कॅलरी!

आमच्या चुलीत पऱ्हाट्या जळतात. आई डोक्यावर मोळी आणते आणि तिची उष्णता अशीच वाऱ्यावर जाते. आता आम्ही चुलीच्या वाऱ्याकडच्या बाजूला विटा लावल्या आहेत, भांड्यावर झाकणही ठेवतो. पालकांनो, तुम्हीही करून बघा. सरपण वाचेल, आणि आईच्या डोळ्यांत धूरही कमी जाईल.