संगणक चालतो, पण बरोबर चालतो का?

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. मरहूम वालिदांची पत्रे आम्ही स्कॅन करून घरच्या संगणकात ठेवली होती. उर्दूत लिहिलेली, पिवळी पडलेली, घडीवर फाटू लागलेली तीसेक पत्रे. एका दुपारी बहिणीला दाखवायला फोल्डर उघडले, तर दोन फाइली उघडेनात. तिसऱ्या पत्राचा खालचा अर्धा भाग नुसता करडा दिसत होता. त्याच आठवड्यात संगणक काम करता करता तीनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता.

हा संगणक आमच्या मोठ्या मुलाने घरीच जोडलेला. दोन वर्षांची ईदी आणि शिकवणीचे पैसे साठवून त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले होते. पुढे हौसेने त्याचा वेगही वाढवला होता. आम्ही रागावलो, "चांगल्या यंत्राशी खेळ कशाला केलास?" तो म्हणाला, "अब्बा, तीन महिने तर छान चालला. पॉवर सप्लाय गेला असेल, नवा घेऊ." आमचा राग आणि त्याचा अंदाज, दोन्ही तपासाआधीचे होते. शेवटी एक वही घेतली आणि दोघे मिळून बसलो.

वेग वाढवणे म्हणजे काय?

मदरबोर्ड साधारण १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका देतो आणि प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. ४० ने गुणले की ४००० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४ गिगाहर्ट्झ. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा तो जास्त ठेवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. त्यामुळे झालेले नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

आमच्याकडचा प्रोसेसर रायझन ५ ३६००. त्याचा मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ आणि गरजेप्रमाणे तो स्वतःहून ४.२ पर्यंत जातो. मुलाने सहाही कोअर ४.३ वर कायमचे बांधले आणि त्यासाठी व्होल्टेज १.३५ केले. शिवाय ३२०० ची रॅम ३६०० वर चालवली.

इथे थोडे गणित. प्रोसेसर खात असलेली वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४.० गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्टवरून ४.३ आणि १.३५ वर गेलो, तर वेग वाढतो साडेसात टक्के, पण वीज वाढते सुमारे ३६ टक्के. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. व्हिडिओत दाखवलेल्या चाचण्या बहुधा थंड खोलीतल्या असतात. आमच्या सोलापुरात एप्रिलच्या दुपारी पारा ४० च्या आसपास असतो. जानेवारीत जे निभावले, ते एप्रिलमध्ये निभावेलच असे नाही.

लक्षणे काय सांगतात?

बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला, तर बहुधा रॅमचा किंवा प्रोसेसरचा वेग फारच वर गेलेला असतो. फक्त जड काम करतानाच संगणक बंद पडत असेल, तर उष्णता, कमी पडणारे व्होल्टेज किंवा पॉवर सप्लाय यांच्यावर संशय घ्यावा. निळ्या पडद्यावर दर वेळी वेगळाच मजकूर येत असेल, तर आधी रॅम तपासावी. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाच्या नोंदी दिसल्या, तर हार्डवेअरने स्वतःच चूक नोंदवलेली असते. अर्थात हे अंदाज आहेत. निकाल चाचणीनेच लागतो.

आम्ही केलेला तपास

पहिले काम कागदपत्रांचे. महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, पण जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवली नाही. संशयित यंत्रातली फाइल बिघडलेली असेल, तर ती चांगल्या प्रतीलाही पुसून टाकते.

मग बायोसमध्ये जाऊन सर्व नोंदी मूळ स्थितीत आणल्या. पडदाच येत नसेल तर वायर काढून, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल काही मिनिटे बाहेर ठेवावा. बहुतेक बोर्डांवर सेटिंग मूळपदावर येतात. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

मूळ वेगावरही बिघाड राहिला असता, तर दोष ओव्हरक्लॉकिंगचा नव्हता असे ठरले असते. आमचा संगणक दोन दिवस एकदाही बंद पडला नाही. म्हणजे पॉवर सप्लायवर खर्च करण्याची घाई नव्हती. पण दुपारी जड काम दिले की तापमान ८८ अंशांवर जाई. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. मर्यादा गाठली की प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी वेग कमी करतो, म्हणजे वेग वाढवून काम उलट मंदावते. कूलर काढला तर पात्यांत धुळीचा थर आणि खालची थर्मल पेस्ट वाळून गेलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसला, मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली आणि कूलरचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे आवळले. तापमान ७६ वर आले.

आता रॅम. प्रोसेसर मूळ वेगावरच ठेवून फक्त रॅम ३६०० वर नेली आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवले. हे विंडोजच्या बाहेर चालते. पहिल्याच फेरीत चुका दिसू लागल्या. ३२०० वर आणल्यावर चारही फेऱ्या निर्दोष गेल्या. रॅमच्या चाचणीत एक चूकसुद्धा माफ नसते. उत्तरपत्रिकेत एक गुण गेला तर विद्यार्थी पास होतो, पण रॅममध्ये एक आकडा बदलला तर अख्खी फाइल जाऊ शकते. वालिदांच्या पत्रांचे बहुधा असेच झाले होते. विंडोज चालू होते, गाणी वाजत होती, आणि साठवली जाणारी फाइल मात्र आतून बिघडत होती.

शेवटी प्रोसेसर. ४.० वरून २५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी चढत, प्रत्येक पायरीवर प्राइम९५ एक तास. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची तारीख, व्होल्टेज, तापमान वहीत. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कुणामुळे काय झाले ते कळत नाही. ४.२५ नंतर पुन्हा बंद पडू लागला. व्होल्टेज वाढवून पुढे रेटता आले असते, पण उन्हाळा समोर होता.

निर्णय त्याचाच

वही पाहून मुलानेच ठरवले, प्रोसेसर मूळ वेगावर आणि रॅम ३२०० वर ठेवायची. म्हणाला, "अब्बा, थंडीत परत करून बघू, पण पत्रांच्या संगणकावर नाही." आम्हीही कबूल केले, की तपास न करता रागावण्यात आमची चूक होती. ज्या मुलाने वेग वाढवला, त्यानेच पंधरा दिवस संयमाने दोष शोधून काढला. मुले यंत्र उघडत असतील तर पालकांनी त्यांना एक वही जरूर द्यावी.

मूळ पत्रे सुदैवाने पेटीत होती. ती तिन्ही पत्रे पुन्हा स्कॅन केली आणि बाकीची एकेक उघडून तपासली. आता एक प्रत आमच्याकडे आहे, दुसरी बहिणीच्या घरी.