आधी दळण, मग भांडे

कॉफीच्या व्यापारात मालाची प्रत ठरवायची असली की तो चाखून पाहतात. चाखणाऱ्या तज्ज्ञापुढे ना महागडे यंत्र असते, ना लांब चोचीची किटली. साध्या वाटीत सव्वाआठ ग्रॅम भरड कॉफी घ्यायची, तिच्यावर दीडशे मिलिलिटर गरम पाणी ओतायचे, चार मिनिटे थांबायचे, वर आलेला थर चमच्याने मोडायचा आणि निवत आल्यावर घोट घ्यायचा, एवढाच तो विधी. मोठमोठे सौदे या वाटीच्या भरवशावर होतात. मात्र त्या टेबलाजवळ दोन वस्तू हटकून असतात : नेमका वजनकाटा आणि चांगला ग्राइंडर. बेताच्या पैशात घरी चांगली कॉफी करू पाहणाऱ्याने खर्चाचा क्रम इथूनच उचलावा. पैसे आधी दाण्यांवर आणि दळण्यावर घालावेत, कॉफी उतरवण्याच्या भांड्यावर सर्वांत शेवटी. बाजार नेमका उलटा क्रम गळी उतरवतो, कारण काचेची भांडी फोटोत शोभतात आणि वजनकाटा शोभत नाही.

या क्रमामागे साधे रसायन आहे. भाजलेल्या दाण्यातला साधारण तीस टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो, आणि तो सगळा विरघळून उपयोगाचा नसतो. अर्नेस्ट लॉकहार्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात मांडलेले गणित आजही प्रमाण मानतात : दाण्याच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला, तर बहुतेकांना चव आवडते. त्याहून कमी उतरला तर कॉफी आंबट आणि पाणचट लागते, जास्त उतरला तर कडू आणि तुरट. आता एकाच पुडीत पिठासारखी धूळ आणि रव्याहून जाड कण एकत्र असले तर काय होईल? धुळीतून चार मिनिटांत कडूपणासकट सगळे निघून येईल, जाड कण निम्मे कोरडेच राहतील. एकाच कपात दोन्ही दोष येतील आणि कोणतेही भांडे ते निस्तरू शकणार नाही.

मिक्सरचे पाते दाणे तोडते, दळत नाही. तुकड्यांचा आकार त्याच्या हातात नसतो. हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये दातेरी शंकू आणि त्याभोवती दातेरी कडे असते आणि त्यांच्यामधल्या फटीएवढेच कण खाली पडतात. फट कमीजास्त करता येते, वीज लागत नाही. दुसरा मुद्दा ताजेपणाचा. माण-खटावच्या ज्वारीच्या पट्ट्यात महिन्याभराचे पीठ एकदम दळून ठेवायची पद्धत नाही, कारण शिळ्या पिठाची भाकरी थापताना चिरते. कॉफीची पूड त्याहून लवकर उतरते. दाण्यात कोंडलेला वास पूड होताच हवेत जाऊ लागतो आणि काही दिवसांत बरीचशी कॉफी नुसती कडू उरते. अख्खा दाणा घट्ट झाकणाच्या डब्यात भाजल्यापासून महिनाभर तरी बरा टिकतो.

माण-खटावमधल्या वडूजसारख्या गावात ताजे दाणे मिळायचे कुठून, हा आक्षेप रास्त आहे. किराणा दुकानात दिसतात त्या बहुधा इन्स्टंटच्या बाटल्या. पण देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी पिकवणारा कर्नाटक शेजारीच आहे आणि बंगळूर, चिकमगळूर किंवा पुण्याहून कॉफी भाजणारे लोक कुरिअरने पाकिटे पाठवतात. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तेच घ्यावे आणि एका वेळी पाव किलोहून जास्त मागवू नये. पुडीचे पाकीट घेणार असाल तर चिकोरीचे प्रमाण वाचावे. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी, असा नियम आहे. म्हणजे कायदा पाळूनही जवळजवळ निम्मे पाकीट कॉफी नसलेले असू शकते.

आता भांडे. विटा, आटपाडी, खटाव, माण या भागांतली असंख्य कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यानिमित्त तमिळनाडू, केरळ, आंध्रात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशा घरांना दक्षिणी फिल्टर ओळखीचा असायला हरकत नाही. एकावर एक बसणारी स्टीलची दोन भांडी, वरच्याच्या बुडाला बारीक भोके, पूड दाबायला एक चकती, बस्स. किंमत साधारण तीनशे-पाचशे रुपये. मोडायला, बिघडायला त्यात काही नाही आणि लोड शेडिंगची चिंता नाही. वरून पाणी ओतले की खाली सावकाश दाट डिकॉक्शन उतरते. बिनदुधाची आवडत असेल तर फ्रेंच प्रेस हजाराच्या आत मिळतो, नाहीतर चाखणाऱ्यांची रीत पातेल्यात करून गाळणीने गाळावी. इटलीत १९३३ साली आलेला मोका पॉट गॅसवर कडक कॉफी देतो, पण आच जरा चुकली की करपट लागते. यांतले कोणतेही भांडे चांगल्या दळणाला न्याय देते.

आपण दूध, साखर, वर जायफळ घालून कॉफी पितो, मग एवढा खटाटोप कशाला, असेही कोणी म्हणेल. दुधामुळे नाजूक वास झाकले जातात, हे खरेच. म्हणून दुधाच्या कॉफीला महागड्या, फुलाफळांचे वास सांगणाऱ्या अरेबिका जातीची गरज नाही. रोबस्टा जात मिसळलेला, जरा गडद भाजलेला दाणा तिथे जास्त शोभतो आणि स्वस्तही पडतो. पण शिळ्या पुडीचा कडूपणा दुधात लपत नाही, तो झाकायलाच साखर वाढते. इन्स्टंट स्वस्त आहे, हेही मान्य. झटपट कप हवा असेल त्याने तीच घ्यावी. मात्र ताजी कॉफी प्यायची ठरली असेल तर हिशोब असा : दिवसाला दोन कप, कपाला दहा ग्रॅम, म्हणजे वर्षाला सात किलो तीनशे ग्रॅम. किलोला दीड हजार रुपये धरले तर वर्षाचे जवळजवळ अकरा हजार नुसत्या दाण्यांचे. तीन हजारांचा ग्राइंडर पाच वर्षे चालला तर वर्षाला सहाशे पडतात. एवढ्यासाठी अकरा हजारांचा माल वाया घालवणे ही काटकसर नव्हे.

स्वस्तातल्या एस्प्रेसो यंत्राचा मोह मात्र टाळावा. खऱ्या एस्प्रेसोला सुमारे नऊ बार दाब लागतो. वाफेवर चालणारी लहान यंत्रे तिथवर पोचत नाहीत आणि पंपावर चालणाऱ्या यंत्राच्या खोक्यावरचा पंधरा बारचा आकडा पंपाची कमाल ताकद सांगतो, कपातली चव नव्हे. शिवाय एस्प्रेसोला फार बारीक आणि नेमके दळण लागते. म्हणजे यंत्रापाठोपाठ महागडा ग्राइंडरही आलाच. तापमान दाखवणारी किटलीही नको. पाणी ९२ ते ९६ अंशांचे हवे असते. उंचीमुळे वडूजला ते अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळते, तेव्हा गॅस बंद करून मिनिटभर झाकण काढून ठेवले की काम झाले. पाण्याच्या जातीकडे मात्र लक्ष हवे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार कॉफीचा आंबूसपणा मारतात आणि चव सपाट होते. ते पाणी निम्मे आणि पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरचे निम्मे असे मिसळून पाहायला एक पैसाही लागत नाही.

तेव्हा हाताशी हजार रुपये असतील तर स्टीलचा फिल्टर, तीनशे-चारशे रुपयांचा छोटा डिजिटल वजनकाटा आणि ताज्या पुडीचे लहानातले लहान पाकीट घ्यावे. चार हजार असतील तर फिल्टर आणि काटा तेच ठेवून उरलेले बहुतेक पैसे ग्राइंडरला द्यावेत आणि पुडीऐवजी दाणे मागवावेत. दहा हजार असले तरी भांडे बदलू नये, दाणे बदलून पाहावेत.