लिहिले एक लाख, प्रोग्रामने वाचला एक

पीएचडीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. आयझिंग मॉडेलचं माँटे कार्लो सिम्युलेशन मी सी मध्ये लिहिलं होतं. कमांड लाइनवर दोन आकडे द्यायचे: सिस्टीम समतोलाला येईपर्यंत किती स्टेप्स सोडून द्यायच्या, आणि नंतर किती स्टेप्स मोजायच्या. पहिल्या जागी मी टाइप केलं '१ई५', म्हणजे एक लाख. दुसऱ्या जागी '२००००'. रन अपेक्षेपेक्षा लवकर संपला, तेव्हा मी खूशच झाले.

दोन आठवड्यांनी मॅडमनी ग्राफ बघून विचारलं, "सगळे स्पिन एकाच दिशेने ठेवून सुरू केलं आणि रँडम ठेवून सुरू केलं, तर उत्तर वेगळं का येतंय?"

कारण समतोलाची वाट प्रोग्रामने बघितलीच नव्हती. एक लाखाऐवजी त्याने फक्त एक स्टेप सोडली होती.

असं का झालं? कमांड लाइनवर आपण आकडा देतो, पण प्रोग्रामला मिळते स्ट्रिंग. तिचा आकडा करायला बहुतेक जण 'एटूआय' (ए, टी, ओ, आय) हे फंक्शन वापरतात, कारण वर्गात तेच शिकवलेलं असतं. ते सुरुवातीचे अंक वाचतं आणि पहिलं न समजणारं अक्षर आलं की थांबतं. '१ई५' मधला १ घेतला, बाकी सोडून दिलं. 'एबीसी' दिलंत तर शून्य मिळतं, आणि खरोखर '०' दिलंत तरी शून्यच. आकडा इंट मध्ये मावत नसेल तर काय होईल याची सी स्टँडर्ड हमीच देत नाही. म्हणजे चूक झाली हे कळायला मार्गच नाही.

यावर उपाय म्हणजे 'स्ट्रटॉल' (एस, टी, आर, टी, ओ, एल). त्याला तीन गोष्टी द्यायच्या: स्ट्रिंग, एका पॉइंटरचा पत्ता, आणि बेस. बेस १० च द्या. ० दिलात तर '०१०' ऑक्टल समजून ८ वाचला जातो. मग या क्रमाने तपासा:

१. आधी आर्गसी बघा. आर्ग्युमेंट दिलंच नसेल तर पुढे जाऊ नका.
२. कॉल करण्याआधी एररनो शून्य करा. स्ट्रटॉल स्वतः ते शून्य करत नाही.
३. कॉलनंतर पॉइंटर स्ट्रिंगच्या सुरुवातीलाच असेल, तर एकही अंक मिळालेला नाही.
४. पॉइंटर शेवटच्या नल कॅरेक्टरवर नसेल, तर मागे कचरा उरलाय. माझं '१ई५' इथेच पकडलं गेलं असतं.
५. एररनो 'ईरेंज' झाला असेल, तर आकडा लाँगमध्ये मावलेला नाही.
६. शेवटी तुमची स्वतःची मर्यादा. ६४ बिट लिनक्सवर ३०० कोटी लाँगमध्ये मावतात, पण इंट २१४७४८३६४७ ला संपतो. आणि स्टेप्स ऋण असू शकत नाहीत, हे फक्त तुम्हालाच माहीत आहे.

ऋण आकडा टाळायला 'स्ट्रटूयूएल' वापरू, असं वाटेल. पण ते '-१' नाकारत नाही, त्याचा प्रचंड मोठा धन आकडा करतं!

तापमानासारख्या दशांश आकड्यांसाठी 'स्ट्रटूडी'. तपासण्या जवळपास त्याच, पण ते 'नॅन' आणि 'इन्फ' हे शब्दही आकडा म्हणून स्वीकारतं. नॅनशी केलेली 'लहान आहे का', 'मोठा आहे का' ही तुलना नेहमी खोटी ठरते. त्यामुळे "शून्य किंवा लहान असेल तर थांब" या अटीतून नॅन निसटतो. 'इझफायनाइट' ने आधी तपासा.

चूक सापडली की एसटीडीइआरआर वर मेसेज छापा आणि शून्य नसलेल्या एक्झिट कोडने बाहेर पडा. शंभर रन लावणाऱ्या स्क्रिप्टला त्यावरूनच थांबता येतं. आणि वाचलेले सगळे आकडे आउटपुट फाइलच्या पहिल्या ओळीत लिहा. मी तेवढं जरी केलं असतं तरी दोन आठवडे वाचले असते.

आज एक काम करा. तुमच्या कोडमध्ये एटूआय शोधा. सापडलं, तर प्रोग्रामला '१ई५' देऊन बघा.